स्वयंसेवक घरात, बाग बाहेर

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे नवी मुंबईतल्या उद्यानांची दारे बंद झाली. नेरुळचे वंडर्स पार्क आणि रॉक गार्डन, वाशीचा मिनी सीशोर, खारघरचे सेंट्रल पार्क आणि प्रत्येक सेक्टरातली एखादी छोटी बाग, सगळीकडे कुलूप लागले. या बागांवर आणि सोसायट्यांच्या आवारांवर जीव लावणारे हौशी बागकाम गट त्याच आठवड्यात थांबले. रविवारची लागवड, निंदणी, रोपवाटप, पालापाचोळ्याच्या खताचे खड्डे, फुलांच्या प्रदर्शनाची तयारी ही सगळी कामे चार जणांनी एकत्र जमून करायची. जमणेच बंद झाल्यावर गटांपुढे प्रश्न उभा राहिला: बाग बाहेर आणि माणूस घरात असताना स्वयंसेवकाने करायचे काय?

हा प्रश्न साथीबरोबर संपलेला नाही. पावसाळ्यात डेंग्यूने दोन-तीन आठवडे माणूस घरी बसतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनेच जातात. केमोथेरपी सुरू असलेल्यांना संसर्ग टाळण्यासाठी गर्दीपासून दूर राहावे लागते. अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांची शुश्रूषा करणारी मुलगी किंवा सून स्वतः निरोगी असूनही घराबाहेर पडू शकत नाही. या गटांचा कणा निवृत्त मंडळींचा असतो, त्यामुळे कोणत्याही महिन्यात दोन-चार जण घरी असणारच. म्हणून २०२०-२१ च्या अनुभवाचा, त्यामागच्या शास्त्राचा आणि घरातून होऊ शकणाऱ्या कामांचा एकत्रित आढावा घेणे गरजेचे आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. घरी थांबलेल्या सदस्याला वेळ घालवायला काहीतरी देऊन भागत नाही, त्याला गटाच्या कामातला खरा वाटा द्यावा लागतो. ज्या कामाची बाहेर कोणी वाट पाहत आहे, तेच काम माणसाला सक्रिय ठेवते.

थांबणे एकसारखे नसते

विलगीकरण हा एकच शब्द आपण निरनिराळ्या परिस्थितींना लावतो. पहिली परिस्थिती संसर्ग झालेल्या माणसाची. तो एका खोलीत असतो, ताप उतरल्यावरही थकवा असतो आणि त्याने हाताळलेली वस्तू बाहेर जाऊ नये अशी अपेक्षा असते. दुसरी संपर्कात आलेल्या पण धडधाकट माणसाची. त्याला घरभर वावरता येते आणि वेळ भरपूर असतो. तिसरी दीर्घकाळ घरी राहणाऱ्या ज्येष्ठांची. २०२० मध्ये ६५ वर्षांवरील नागरिकांना घरीच राहण्याचा सल्ला होता. पालिकेची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रे ज्यांचा रोजचा आधार होती, त्यांचा सगळा दिवसक्रमच त्यामुळे तुटला.

घरेही निरनिराळी. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवायचे ठरले. त्या गावठाणांतल्या काही घरांमागे अजून परसाचा तुकडा आहे, त्यात शेवगा आणि अळू आहे. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात बैठी घरे रचली ती सामाईक अंगणांभोवती. पाम बीच रस्त्यालगतच्या टॉवरमध्ये वाऱ्याने रोपे झोडपली जातात. सिडकोच्या जुन्या लहान घरांमध्ये खिडकीच्या ग्रिलमध्ये चार कुंड्या बसल्या तरी पुष्कळ. त्यामुळे ‘घरच्या घरी बाग फुलवा’ असा सरसकट सल्ला निम्म्या सदस्यांच्या उपयोगाचा नसतो. कोणाचे थांबणे कोणत्या प्रकारचे आहे आणि घरी ऊन, वारा, जागा किती आहे, हे विचारूनच काम वाटायला हवे.

शास्त्र काय सांगते

झाडांचा आणि बरे होण्याचा संबंध दाखवणारा सर्वांत परिचित अभ्यास रॉजर उलरिच यांचा आहे. तो १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी तपासल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण एका खोलीत बंद असलेल्या माणसासाठी महत्त्वाचा आहे. त्याचा पलंग कोणत्या खिडकीशी लावायचा, हा घरच्यांनी विचारपूर्वक घेण्याचा निर्णय आहे.

प्रत्यक्ष बागकामाबद्दल सोगा, गॅस्टन आणि यामाउरा यांनी २०१७ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. बागकाम करणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता कमी, समाधान जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. शरीराच्या बाजूने पाहिले तर प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माती कालवणे, कुंड्या हलवणे, झारीने पाणी घालणे ही त्यात मोडणारी कामे आहेत. सकाळी पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे ती केली, तरी आठवड्याची बेरीज १५० च्या पुढे जाते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सामुदायिक बागेचा लाभ काही प्रमाणात मातीतून येतो आणि काही प्रमाणात सोबतीतून. बाल्कनीतली कुंडी मातीचा वाटा देऊ शकते. सोबतीचा वाटा गटालाच वेगळ्या मार्गाने पोहोचवावा लागतो.

घरातून होणारी कामे

पहिले काम बियाण्याचे. गटाची बीजपेढी सांभाळायला बाग लागत नाही, कोरडी हवा, कागदी पाकिटे आणि चिकाटी लागते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या घरातच गावरान वाणांची बीजपेढी उभी केली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातून शहरी गटाने शिकावे ते हे, की गावरान बियाणे वर्षानुवर्षे पुढे नेता येते आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बाजारातल्या संकरित बियाण्याची पुढची पिढी मात्र मूळ गुण राखत नाही, म्हणून ते जपण्यात अर्थ नाही. घरी थांबलेल्या सदस्याने वाल, चवळी, भेंडी, दोडका, मिरची, झेंडू, गोकर्ण यांचे बी वाळवावे, निवडावे, पाकिटावर नाव आणि महिना लिहावा. दर हंगामाआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात ते पाहावे. दहातल्या आठ उगवल्या तर बियाणे चांगले, चारच उगवल्या तर दाट पेरायचे किंवा बदलायचे.

दुसरे काम रोपांचे. वृक्षलागवडीचे कार्यक्रम जून-जुलैत होतात, पण त्यांची रोपे वर्षभर आधी कोणीतरी वाढवावी लागतात. हे काम विखरून अनेक घरांत होऊ शकते. जांभूळ, फणस, आंबा यांच्या बिया वाळल्या की मरतात, त्या ताज्याच पेराव्या लागतात. म्हणजे मे-जूनमध्ये घरात फळ खाल्ले की त्याच दिवशी बी मातीत घालायचे. बहाव्याचे बी उलटे, ते वर्षभर टिकते, पण त्याचे कवच इतके कठीण असते की पॉलिश पेपरवर घासल्याशिवाय लवकर उगवत नाही. घासून रात्रभर पाण्यात ठेवावे आणि फुगले की पेरावे. धुतलेल्या दुधाच्या पिशवीला तळाशी भोके पाडली की ती रोपाची पिशवी होते. एका ग्रिलमध्ये दहा पिशव्या सहज मावतात. वीस घरांत अशा दहा-दहा पिशव्या म्हणजे दोनशे रोपांची नर्सरी.

एकाच खोलीत असलेल्या रुग्णासाठी मात्र माती नको. त्याने पसरट ताटलीत ओल्या कापसावर मेथी किंवा मोहरी पेरावी. सात ते दहा दिवसांत कोवळी पाने तयार होतात. सौम्य लक्षणांच्या कोविड रुग्णांना जानेवारी २०२२ मध्ये सात दिवसांचे गृहविलगीकरण सांगितले गेले, जवळपास तेवढ्याच काळात हे पीक येते. रोज काहीतरी बदललेले दिसते, हा त्याचा मोठा गुण. ती पाने रुग्णाने स्वतःच खावीत, वाटू नयेत.

तिसरे काम खताचे. नवी मुंबईला ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय लागलेली आहे. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर देशात तिसरे आले, त्यात घराघरांतल्या या सवयीचा वाटा आहे. त्यापुढची पायरी म्हणजे ओला कचरा घरातच जिरवणे. झाकणाची वीस लिटरची बादली, तळाशी आणि कडेला भोके, खाली ताटली. खाली सुक्या पानांचा थर, वर चिरलेला भाजीपाल्याचा कचरा, त्यावर पुन्हा सुकी पाने किंवा कोकोपीट. वास आला तर सुके वाढवायचे, कोरडे पडले तर पाणी शिंपडायचे. दीड-दोन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत मिळते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या जोरावर बाग उभी केली. पुढे ‘अर्बन लीव्ज’ या स्वयंसेवी गटातून ही पद्धत मुंबईकरांच्या गच्च्यांवर पोहोचली. घरात बसून खत करणारा सदस्य सोसायटीच्या बागेला दर दोन महिन्यांनी पिशवीभर खत देऊ शकतो, ते देताना भेट व्हायलाच हवी असे नाही.

चौथे काम पाहण्याचे आणि नोंदवण्याचे. हेच काम सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. एप्रिल-मे २०२० मध्ये नेरुळ-सीवूड्सच्या तलावे पाणथळीवर रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा पसरलेला होता आणि त्याची छायाचित्रे जगभर गेली. खिडकीशी बसलेल्यांना तो घरातून दिसत होता. त्याच काळात ‘बर्ड काउंट इंडिया’ने घराच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून पक्षी मोजण्याचे आवाहन केले होते. झाडांसाठी ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१० पासून चालू आहे. त्यात एक झाड निवडायचे आणि आठवड्यातून एकदा त्याची पाने, फुले, फळे नाहीत, थोडी आहेत की भरपूर आहेत एवढेच नोंदवायचे. खिडकीतून एक झाड दिसत असेल तर या कामाला दुसरे काही लागत नाही.

नवी मुंबईत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पारसिकच्या टेकड्यांवरचा पळस आणि काटेसावर वसंताच्या आधी फुलतात. एप्रिल-मेमध्ये बहावा, गुलमोहर आणि आपले राज्यफूल ताम्हण. पावसाळा सरला की सप्तपर्णी. हा क्रम दरवर्षी काही दिवस मागे-पुढे होतो. दहा वर्षांच्या नोंदी हाती असतील तर हवामान कसे सरकते आहे, हे आपल्या सेक्टरापुरते तरी ठामपणे सांगता येईल. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांचा निसर्ग टिपला. घरी थांबलेल्या सदस्याच्या हाती ते पुस्तक आणि एक कोरी वही पोहोचवणे, हा गटासाठी सोपा आणि परिणामकारक उपक्रम आहे.

पाचवे काम कागदाचे. झाडे लावणाऱ्या हातांना कागदपत्रांचा कंटाळा असतो, पण झाडे वाचतात किंवा जातात ती बऱ्याचदा कागदावर. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण, झाडांची गणना, तोडीच्या परवानगीआधी जाहीर नोटीस आणि नागरिकांच्या हरकती यांची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण मिळाले. वृत्तपत्रातल्या नोटिसा रोज वाचणे, कोणते झाड कुठे तोडले जाणार आहे ते गटाला कळवणे आणि मुदतीत हरकत लिहिणे ही एका माणसाने घरातून पेलण्याजोगी जबाबदारी आहे. बुंध्याभोवती गच्च ओतलेले काँक्रीट, ठोकलेले खिळे, वाळत चाललेली फांदी यांची छायाचित्रे इतर सदस्यांनी काढून पाठवावीत, तक्रारीचा मसुदा घरी असलेल्याने करावा. पाणथळी आणि खारफुटी यांच्या बाबतीत या शहरातल्या पर्यावरण संस्थांनी पत्रे, ई-मेल आणि याचिकांच्या बळावरच बरेच काही साधले आहे. खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये म्हटले. त्या निकालापर्यंतची वाटही अनेक वर्षांच्या कागदी कष्टातूनच गेली.

सहावे काम शिकवण्याचे. कढीपत्त्याला पाने का येत नाहीत, मोगऱ्याची छाटणी केव्हा करायची, जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण कसा घालवायचा, हे प्रश्न नव्या सदस्यांना रोज पडतात. उत्तरे जुन्या सदस्यांकडे असतात. आठवड्यातला एक वार आणि एक तास ठरवून एखाद्या काकूंनी फोनवर उत्तरे द्यावीत, तरुण सदस्याने ती लिहून काढावीत. वर्षभरात त्या गटाची स्वतःची, नवी मुंबईच्या खाऱ्या वाऱ्याला आणि जूनच्या पावसाला साजेशी बागकाम-पुस्तिका तयार होईल.

सावधगिरी

उत्साहाच्या भरात आरोग्याकडे दुर्लक्ष होऊ नये. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सूचनांत बागेतली माती, शेवाळ किंवा खत हाताळताना बूट, लांब विजार, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे वापरावेत असे स्पष्ट म्हटले होते. ही बुरशी मातीत आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात असतेच. निरोगी माणसाला तिचा सहसा त्रास होत नाही. अनियंत्रित मधुमेह असलेल्यांनी, स्टेरॉइडचे उपचार झालेल्यांनी आणि केमोथेरपी घेणाऱ्यांनी मात्र खताची बादली दुसऱ्याकडे सोपवावी आणि स्वतः बियाणे, नोंदी, कागदपत्रे यांची कामे घ्यावीत. दम्याच्या रुग्णांनीही कोरडे खत चाळू नये. रुग्णाने वापरलेले रुमाल आणि मास्क खताच्या बादलीत कधीही जाऊ नयेत. सर्वसामान्य घरांतले वापरलेले मास्क किमान ७२ तास वेगळे ठेवून मगच कचऱ्यात द्यावेत, अशी सूचना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या काळात दिली होती.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचे घर. आठवड्यातून एक दिवस सगळ्या ताटल्या रिकाम्या करून, घासून कोरड्या ठेवाव्यात, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. वजनाचाही विचार हवा. वीस लिटरची कुंडी ओल्या मातीने भरली की तीस किलोच्या आसपास जाते. कोकोपीट आणि खत मिसळून ती हलकी करावी, ग्रिलवर टांगण्याऐवजी आत ठेवावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी स्टुलावर चढून पाणी घालण्याचे काम घेऊच नये.

गटाने काय करायचे

वरची सगळी कामे शक्य आहेत, पण ती आपोआप होत नाहीत. साथीच्या काळात जे गट निव्वळ शुभेच्छा आणि फुलांची छायाचित्रे फिरवत राहिले, तिथला उत्साह काही आठवड्यांत ओसरणे स्वाभाविक होते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने मे २०२० मध्ये चेल्सी फ्लॉवर शो प्रथमच पूर्णपणे ऑनलाइन भरवला. तिथे नामवंत उद्यानरचनाकारांनी आपापल्या घरच्या बागा दाखवल्या, प्रात्यक्षिके दिली. छोट्या गटानेही प्रदर्शन रद्द न करता ते घरोघरच्या कुंड्यांतून भरवावे, इतके त्यातून नक्की घेता येते.

त्याहून जवळचे उदाहरण आपल्याकडेच आहे. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी कोल्हापूर-सांगली भागात ‘प्रयोग परिवार’ उभा केला. प्रत्येकाने आपल्या जागेत प्रयोग करायचा, मोजायचे, नोंदवायचे आणि जे कळले ते इतरांना सांगायचे, हे त्याचे सूत्र. द्राक्षबागायतदारांनी या मार्गाने मोठी प्रगती केली. दाभोलकरांनी शहरातल्या गच्चीवरच्या शेतीचाही विचार मांडला. त्यांच्या मांडणीत माणूस आपल्या जागी राहूनही समूहाचा पूर्ण घटक असतो, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. एकाच बियाण्याच्या पाच-पाच बिया वीस सदस्यांनी वीस दिशांच्या खिडक्यांत लावल्या आणि नोंदी जुळवल्या, तर घाटाकडच्या पूर्वेच्या उन्हात काय येते आणि खाडीकडच्या वाऱ्यात काय टिकते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमके कळेल.

व्यवस्था म्हणून चार गोष्टी पुरेशा आहेत. एक, घरातून करायच्या कामांची यादी गटाकडे आधीपासून तयार असावी आणि प्रत्येक कामापुढे लागणारा वेळ, श्रम, जागा लिहिलेली असावी. दोन, घरी थांबलेल्या प्रत्येकाशी बाहेर वावरणारा एक जोडीदार बांधलेला असावा, जो बियाणे-पाकीट दाराशी ठेवेल आणि तयार रोपे घेऊन जाईल. तीन, संवाद फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर नसावा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांना ठरलेल्या वेळी साधा फोन जावा. चार, कामाची नोंद नावानिशी व्हावी. जुलैत लावलेल्या जांभळाचे रोप कोणाच्या खिडकीत वाढले, हे लागवडीच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितले जावे.

काही कामे घरातून होत नाहीत, हेही मान्य करायला हवे. उन्हाळ्यातले पाणी, वादळात पडलेल्या फांद्या उचलणे, खड्डे खणणे यांना हात आणि पाय जागेवर लागतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या पट्ट्यात अनेक झाडे आडवी केली तेव्हा हे दिसले. अशा वेळी सोसायटीचे माळीकाका आणि पालिकेचे उद्यान कामगार यांच्यावरच भार येतो. त्यांची मजुरी, हातमोजे, पिण्याचे पाणी आणि लसीकरण यांचा पाठपुरावा करणे, हेही घरी असलेल्या सदस्याचेच काम आहे. त्यासाठी फोन आणि चिकाटी पुरते.

नवी मुंबईतल्या प्रत्येक बागकाम गटाने येत्या पावसाळ्याच्या आत ही यादी आणि जोड्या तयार कराव्यात. संकट आल्यावर यादी करत बसलो तर पहिले महिने वाया जातात, आणि घरी थांबलेल्याला तेच महिने सर्वांत जड जातात. बागेला हातांची गरज असते तशी नोंदींची, बियाण्यांची, रोपांची आणि तिच्या बाजूने लिहिणाऱ्यांचीही असते. ही गरज आपल्याकडून भागते आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो सदस्य घरात असला तरी गटात असतो.